नातीला बघायला आलेली बाई

दादा, तुमची पणती बारावी पास झाली. आपल्या घरातल्या पोरींमधली पहिलीच. निकाल मोबाईलवर आला तसा माझा लेक, म्हणजे तिचा बाप, दुधाचा टेम्पो रस्त्याकडेला उभा करून घरी पळत आला. पेढे काय वाटले, स्टँडवर तिच्या फोटोचा फ्लेक्स काय लावला! मी दोनदा बघून आले; पहिल्यांदा चष्मा घरी राहिला होता. आनंद मलाही लई झाला, पण पोरीच्या निकालावर बाप एवढा हरखला की माझ्या मनात पाल चुकचुकते. ही खोड तुमच्यामुळं लागली. मी सातवी पास झाले तेव्हा तुम्ही अख्ख्या आळीत गूळ-खोबरं वाटलंत, ‘लेक हुशार हाय माझी’ म्हणत फिरलात. मी खुळी, आठवीची पुस्तकं कुणाकडं मिळतील ते विचारत होते. चौथ्या दिवशी बेलापूरचे पाहुणे दारात. आई पोहे भिजवतेय, मी नेसवलेल्या लुगड्यात उभी, आणि तुम्ही माझ्याकडं बघत नाही. नंतरही कधी नीट बघितलं नाहीत.

म्हणून मी लेकावर नजर ठेवली. फोन आला की तो गोठ्यामागं जायचा. मी शेणाची पाटी घेऊन मागं. एकदा ऐकलंच, ‘व्हय, रविवारी या, बघून घ्या. पोरगी शांत हाय, आवाज न्हाई तिचा.’ पाटी तिथंच टाकून मी आत आले. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला काय म्हाईत, आत्याबाई,’ आणि पोह्याचा डबा खाली काढला. आता सांगा, संशय घ्यायचा नाही तर काय करायचं?

रविवारी सकाळीच मी नातीच्या केसांना तेल चोपडलं, पार कपाळावर ओघळ येईपर्यंत. ‘आज्जे, पाहुने येनार हायेत!’ ‘म्हनूनच,’ मी म्हटलं. संगमनेरची एक बाई आली, सोबत नवरा. बाईनं नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी जवळच ठाण मांडलं. ‘हिला भाकरी येत न्हाई. आठाशिवाय उठत न्हाई. आन् एक बोललं तर चार ऐकवती,’ मी धडाधड सांगून टाकलं. लेकाच्या हातातला चहा सांडला. नात माझ्याकडं बघतच राहिली.

बाई पोहे खाता खाता म्हणाली, ‘भाकरी येत न्हाई ते बरंच. आधीची पोरगी माझाच गॅस जाळायची. डबा लावा हिला. रात्री फोनवर मोठ्यानं बोलती का तेवढं सांगा, आमी खालीच झोपतो.’

‘खाली? कशाच्या खाली?’

‘खोलीच्या, आज्जी! पोरगी बघितल्याशिवाय मी खोली देत न्हाई.’

लेक खाली मान घालून म्हणाला, ‘आये, संगमनेरला कॉलेजात घालतोय तिला. रोजचं येनं-जानं झेपायचं न्हाई. खोलीचं पक्कं झाल्यावर सांगनार हुतो. आधी कळलं असतं तर रडत बसली असतीस.’

मी म्हटलं, ‘मी कशाला रडू?’ आणि बाईला आणखी पोहे वाढले. पोरगी कशी गुणाची आहे तेही सांगितलं, पण आता कोण विश्वास ठेवणार? बाई हसली, नवऱ्याकडं बघितलं, आणि ‘बरं, विचार करून सांगते’ म्हणत उठली.

दोन दिवस तिचा फोन नाही. लेक माझ्याशी धड बोलेना. नात म्हणायची, ‘आज्जे, तू तर माझी खोलीच घालवलीस.’ तिसऱ्या दिवशी बाई ‘या’ म्हणाली. सगळे हसले, मीही हसले.

दादा, तुम्ही काही हे वाचणार नाही, म्हणून लिहिते. ते दोन दिवस मी रोज देवापुढं बसत होते. घरच्यांना वाटलं, म्हातारी खोलीसाठी हात जोडतेय. पण त्या बाईनं नाही म्हणावं, असंही मी एकदा मागितलं होतं.