टोपणभर पाणी

रवि. ९ मार्च
साखर उपाशी ७.९ (इथलं माप, आपल्याकडचे १४२). सायकल: निम्मीच झाली.
अक्षर कसलं आलंय बघा. या वहीत नुसती साखर लिहायची, पण आज कुठेतरी लिहिलं पाहिजे.
सकाळी ह्यांनी मला सायकलसकट इथल्या हेन्डरसन गावाच्या पुढे सोडलं आणि बस चालवायला ड्युटीवर गेले. जाताना टोमणा होताच. "एक्कावन्न वय, डोंगरात एकटी सायकल. अजून काय काय बघायचंय?" म्हटलं, साखर मला आहे, तुम्हाला नाही. डॉक्टरीण म्हणाली घाम काढा, काढतेय. सोबत कुणी नको. सोबत आली की बडबड आली. लहानपणी दुधाचे कॅन लावून चालवलीय सायकल, शाळेपेक्षा जास्त तीच झाली.
खडीचा रस्ता, दोन्हीकडे तारा, मेंढरं, पुढे झाडी. चढ ढकलत काढला. उताराला लागले तर वळणावर सायकल आडवी. माणूस खाली चरात.
गोरा, साठीचा. हेल्मेट फुटलेलं. कानातून रक्त. "हॅलो! हॅलो मिस्टर!" काही नाही. डोळे अर्धे उघडे आणि घशात घरघर. ती घरघर मला माहीत आहे, सासूची तीन दिवस ऐकलीय. फोनला रेंज नाही. माणूस नाही काणूस नाही. म्हटलं, संपला हा. जवळ बायको ना पोर, रस्त्याच्या कडेला.
बाटली काढली. टोपणाने पाणी सोडलं तोंडात. एकदा. मग परत एकदा. आपल्याकडे कुणाला कोरड्या तोंडाने जाऊ देत नाहीत.
ठसका लागला त्याला. केवढा मोठा. मग एकदम गप्प. मला वाटलं गेला.
गेला नव्हता. हात धरून बसले. शेतावरची एक युट, ती मागे उघडी असते ती गाडी, आली, आत म्हातारा होता, बघून घराकडे पळाला फोन करायला. मग हेलिकॉप्टर. त्यातली बाई गुडघ्यावर बसून भराभर विचारत होती. "डिड यू गिव्ह हिम एनिथिंग? फूड? ड्रिंक?"
मी म्हटलं, नो.
तोंडातून निघून गेलं. का, माहीत नाही. तिने विचारलंच असं की...

सोम. १० मार्च
साखर ९.४.
कामावर गेले. म्हाताऱ्यांच्या होममधे सहा वर्षं फरशा पुसतेय. तिथली नर्स मेरे, माओरी आहे, माझी दोस्त. चहाला बसल्यावर विचारलं, "मेरे, माणूस बेशुद्ध असला तर पाणी पाजायचं का?"
तिने कप खाली ठेवला. "नेव्हर, डार्लिंग. नेव्हर एव्हर. पाणी पोटात जात नाही, सरळ छातीत जातं. बुडतो माणूस."
कोरड्या जमिनीवर बुडतो. म्हणे.
"का विचारतेस?" म्हटलं, असंच.
सहा वर्षं तिथे काम करते. पलंगांवर पाट्या असतात, 'तोंडाने काही देऊ नये' अशा. मी त्या पुसते. कधी वाचल्या नाहीत.

मंगळ. ११ मार्च
पोलिसांचा फोन. माझं इंग्रजी पळालं, सायलीला दिला. ही माझी पोरगी, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तो माणूस जिवंत आहे. ग्रॅहम नाव. डोक्याला मार, बेशुद्ध, मशीनवर. बायको जूडिथ. तिला मला थँक्यू म्हणायचंय.
सायली नाचायला लागली. "आई, यू सेव्ह्ड हिम! यू आर अ लेजंड!" म्हटलं, गप. "व्हाय आर यू सो ग्रम्पी?"
संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर माझा फोटो. सायकलवरचा, घामाघूम, तोंड वाकडं. खाली हात जोडलेले, फुलं, 'झाशीची राणी'. एक बाई लिहिते, वहिनी पुढच्या महिन्यात कार्यक्रमात दोन शब्द बोला. दोन शब्द. माझ्याकडे एकच आहे, तो नो आहे.

गुरु. १३ मार्च
साखर बघितली नाही.
जूडिथचा फोन सायलीला. डोक्याची सूज उतरतेय. पण उजव्या छातीत न्यूमोनिया. ताप. डॉक्टर म्हणतात, आता डोक्यापेक्षा ह्याची काळजी.
सायली सांगत होती आणि मी भांडी घासत होते. एकच पातेलं किती वेळ घासलं कोण जाणे. "आई, नळ!" म्हणाली तेव्हा बंद केला.

शुक्र. १४ मार्च
ह्यांना सांगितलं. बस धुऊन आले होते, बूट काढत होते. सगळं सांगितलं.
"पाणीच दिलंस ना? विष दिलं नाहीस."
"छातीत गेलंय ते."
"तू डॉक्टर आहेस? रक्त गेलं असेल, उलटी गेली असेल. गप्प बस. हेलिकॉप्टरवालीला एक सांगितलंस, आता दुसरं सांगशील. कशाला अंगावर ओढून घेतेस?"
"औषध त्यावरून ठरत असलं तर?"
बूट हातातच राहिला त्यांच्या. मग म्हणाले, "तुझ्या आईला पाणी घालता आलं नाही तुला. म्हणून त्याला घातलंस."
मला इतका राग आला. उठून बाहेर गेले, कपडे काढले दोरीवरून. ओले होते अजून.
आईच्या वेळी मी इथेच. भावाने फोन धरला होता, चमच्याने पाणी घालताना बघितलं. ते खरं आहे. पण तो राग नाही. राग हा की मला हे सुचलंच नव्हतं आणि ह्यांना सुचलं.

शनि. १५ मार्च
सायलीला सांगितलं. रडली. मग पहिल्यांदा मराठीत बोलली, "आई, पण तू त्याला मरताना एकटं नाही सोडलंस."
तोच तर घोटाळा आहे. तो मरत नव्हता. मी ठरवलं तो मरतोय. जगणाऱ्या माणसाला आपण असं पाणी घालत नाही. त्याला हाका मारत राहतो, कूस बदलतो, पळत सुटतो मदतीला. मी बाटली काढली. म्हणजे मी त्याचं आटोपून मोकळी झाले होते.
सगळ्यात मला नवल वाटतं ते ह्याचं. किती पटकन. दोन मिनिटंपण नसतील झाली.

रवि. १६ मार्च
हॉस्पिटलात बसून लिहितेय.
सायली बरोबर आली, बोलायला. जूडिथ उंच आहे, केस पांढरे, तोच स्वेटर चार दिवस घातलेला असावा. मला मिठी मारली. मी लाकडासारखी उभी. म्हटलं, सायली, सांग आधी. सायली फरशीकडे बघायला लागली. मग मीच सांगितलं, माझ्या इंग्रजीत. आय गिव्ह वॉटर. टू टाइम. हेलिकॉप्टर लेडी आस्क, आय से नो. आय लाय.
जूडिथने विचारलं, "व्हाय वॉटर?"
इन अवर पीपल, व्हेन मॅन इज डायिंग, वी गिव्ह.
"सो यू थॉट ही वॉज गॉन."
येस.
ती मागे सरकली एक पाऊल. मारेल असं वाटलं, मारलं असतं तरी चाललं असतं. डॉक्टरला बोलावलं. पोरगेलासा, सरदार. मला हिंदीत विचारलं, कितना पानी? टोपण दाखवलं, बाटली पर्समधेच होती. त्याने लिहून घेतलं. म्हणाला, यही वजह है, कह नहीं सकते. पर बताना चाहिए था, उसी दिन. औषधाचं काहीतरी जूडिथशी बोलला आणि गेला. माझ्याकडे परत बघितलं नाही.
मी म्हटलं, निघते. जूडिथ म्हणाली, नाही, थांब. तिला खाली जाऊन लेकाला फोन करायचा होता, तो परदेशात असतो. खाली जाताना सायलीला कॉफीला नेलं बरोबर. दारात वळून मला म्हणाली, "सिट विथ हिम. डोंट गिव्ह हिम एनिथिंग."
ही चेष्टा होती का, तिच्या तोंडावरून कळलं नाही.
बसलेय. पहिल्यांदाच नीट बघतेय त्याला. नळी काल काढली म्हणे, नाकाला मास्क. गालावर खरचटलेलं, भुवया दाट. छाती वर होते, अडकते, खाली येते. मी मोजतेय.
आत्ता डोळे उघडले. माझ्याकडे बघतोय. कोण म्हणून बघत असेल.
ओठ कोरडे ठणठणीत. काहीतरी म्हणतोय, ऐकू येत नाही. बेल दाबलीय. नर्स काचेपलीकडून बोटाने सांगतेय, एक मिनिट.
मी त्याला म्हटलं, वेट. वेट, ग्रॅहम. कमिंग.