व्याजाचा अर्थ

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.
रिठदच्या स्टँडवर चहावाल्याच्या भिंतीला कागद चिकटवलेला दिसला. 'अर्थसाक्षरता व करिअर तयारी. शाळकरी मुलांसाठी. आठवड्यातून एक तास शिकवण्यास निवृत्त शिक्षक पाहिजेत.' डोळे भरून आले. (मोतीबिंदूमुळेही असेल.) अर्थसाक्षरता! म्हणजे कोणाला तरी कळलं, की हल्लीच्या पोरांना कवितेचा अर्थ लागत नाही. उभा जन्म वर्गात मी दुसरं केलं काय? रसग्रहण आणि संदर्भासह स्पष्टीकरण. रिटायर झाल्यापासून मात्र मला सर म्हणणारं कोणी उरलं नाही. सकाळी उठावं तर समोर निवडायची मेथी.
लगेच फोन केला. निवड झाल्यातच जमा.
रुख्मिणीला सांगितलं. ही म्हणे, आधी डोये दाखवा. डोयात दूध उतरून राह्यलं अन् तुमी म्हन्ता मोती हाय. पण शब्द किती देखणा आहे! मोती-बिंदू. इतकं सुंदर नाव असलेली वस्तू कापून टाकायची म्हणजे मनाची तयारी नको? ऑपरेशन ट्रेनिंग झालं की लगेच.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
वाशीमला ट्रेनिंग. संस्थेच्या कोऑर्डिनेटर सुचिता, अकोल्याच्या, वयाने माझ्या नातीएवढ्या. मला काका म्हणाल्या. गडबडीत 'सर' राहून गेलं असेल.
अर्थ म्हणजे पैसा निघाला. बजेट, बचत, बँक, व्याज, विमा. क्षणभर धक्का बसला. मग वाटलं, दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात ते उगाच का? मला एक येतो. दुसरा आठवडाभरात येईल.
स्पायरल बाइंडिंगची मार्गदर्शिका मिळाली. अक्षर मुंगीएवढं. सुचिताताई म्हणाल्या, काका, स्क्रिप्ट सोडू नका हं, फेब्रुवारीत एंडलाइन टेस्ट आहे, म्हणजे शेवटची परीक्षा. वर्गाला साठ टक्के पडले तर पुढच्या वर्षीही शुक्रवारचा तास तुमचा. नाहीतर त्या शाळेत आम्ही स्क्रीन लावतो, रेकॉर्डेड लेक्चर. मी नुसता हसलो. स्क्रीन कधी कविता चालीत म्हणते का?
संकल्प: रविवारी मार्गदर्शिका संपूर्ण वाचणे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
पहिला तास! रिठदहून काळीपिवळी जीपने शेजारच्या गावी. आठवीचा वर्ग. हेडमास्तर लालसिंग माझाच विद्यार्थी. पाया पडला, चहा मागवला, आणि म्हणाला, सर, पुस्तकातलंच शिकवजा बरं. अजून वचकून आहे बिचारा.
धडा: गरज आणि हौस. चित्रांची कार्डं दोन ढिगांत लावायची. मी घरून एक जादा कार्ड करून नेलं होतं, 'कविता'. शेजारी कमळ काढलं होतं. अंकुर नावाचा एक बुटका, तोंडाळ पोरगा पुढे आला आणि मोबाईल गरजेत ठेवला. म्हटलं, अरे ही हौस. तर म्हणे, मायबाप ऊसतोडीले गेले सर, पाडव्यापरेंत येत नाई, तुमी मोबाईल हौस कसा म्हन्ता? मी निरुत्तर झालो नाही. विचारात पडलो. त्याच पोराने मग शाळेचं कार्ड उचललं आणि हौसेत ठेवलं. वर्ग हसला.
कवितेचं कार्ड कोणत्याच ढिगात गेलं नाही. घंटा झाल्यावर मीच उचलून खिशात घातलं.
एकंदरीत सुरुवात उत्तम.

२३ नोव्हेंबर, रविवार.
मार्गदर्शिका उघडली. पान पहिलं. अक्षरं एकमेकांत विरघळत जातात, जशी पहाटेच्या धुक्यात पांदणीतली बाभळीची झाडं. उपमा छान जमली. ती नीट उतरवून काढण्यात सकाळ गेली. बाकीची पानं ऑपरेशननंतर, स्वच्छ डोळ्यांनी. ऑपरेशन डिसेंबरात. थंडीत जखम लवकर भरते, असं कुठेतरी वाचलंय.

५ डिसेंबर, शुक्रवार.
धडा: बँक. स्क्रिप्ट कोरडी असणार म्हणून स्वतःचीच रचना नेली.
बँकेच्या दारी उभी ती सानुली,
पासबुकात तिची इवली सावली.
चालीत म्हणून दाखवली. दुसऱ्या फेरीला सगळा वर्ग बाकं वाजवून म्हणू लागला. शेजारचे गणिताचे मास्तर दार लावून घेताना दिसले. मत्सर.
पहिल्या बाकावर तनुजा बसते. हसत नाही फारशी. तिने विचारलं, सर, सावली काहून? पासबुकात पैसे नसते का? म्हटलं, पैशालाच सावली म्हटलंय बाळ. रूपक. तिने वहीत लिहून घेतलं. ही पोर सांगावं ते लिहून घेते आणि जपून ठेवते. अशी एक जरी वर्गात असली तरी मास्तराचं सोनं होतं.
डिसेंबरात लग्नं फार. ऑपरेशन संक्रांत झाली की.

१९ डिसेंबर, शुक्रवार.
धडा: मला कोण व्हायचं आहे. वाटलं होतं, दोन-तीन तरी कवी निघतील. अंकुर जेसीबी चालवणार. सार्थक म्हणाला, पोलीस, नाहीतर पोलिसाची जीप चालवणारा. तनुजाला जऊळक्याच्या ठेसनावर मास्तर व्हायचंय. म्हणे, मी झेंडी दाखवल्याबिगर गाडीनं हालूच नाई. मी म्हटलं, आणि कवी? तर अंकुर म्हणे, कवीले पगार कोन देते सर? मी म्हणालो, काळ देतो. तो म्हणे, कोन्त्या तारखेले?
पोरं किती वेळ हसत होती. खेळीमेळीचं वातावरण, अशी अहवालात नोंद केली.
संस्थेने दिलेल्या फोनवर आवड-चाचणीचं ॲप आहे. मुलं गेल्यावर सहज स्वतःची घेऊन पाहिली. निकाल: 'तुम्हाला एकट्याने करण्याची कामे जास्त मानवतील.' ॲप अजून कच्चं आहे.

९ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी घाईने.
आयुष्यातला सर्वोत्तम तास आज झाला!
मार्गदर्शिका घरी राहिली होती. (पहिल्या पानापुढे गेलोही नव्हतो.) वर्गात विचारलं, आज काय आहे रे? तनुजा म्हणाली, व्याज. अंगावर काटा आला. व्याज! व्याजस्तुती, व्याजोक्ती! अलंकारांचा अख्खा पाठ डोळ्यांपुढे उभा राहिला. फळ्यावर लिहिलं: व्याज म्हणजे निमित्त, बहाणा. संस्कृतात हाच अर्थ आहे. म्हटलं, उदाहरणं द्या. पोरं तुटून पडली. सार्थक म्हणे, गृहपाठ नसला की माह्यं पोट दुखते. अंकुर म्हणे, जीपवाला सांगते टायर पंक्चर झालं, अन् बसला रायते पानटपरीवर, हे व्याज! मग तनुजाने हात वर केला. सर, मंग मुद्दल म्हंजे? म्हटलं, मुद्दल म्हणजे मुळातली खरी गोष्ट, जी बहाण्याखाली झाकलेली असते. ती म्हणे, अन् चक्रवाढ व्याज? आजी बचत गटात म्हन्ते.
लगेच सुचलं. एक बहाणा टिकवायला दुसरा, दुसरा टिकवायला तिसरा, असं ते चक्र वाढत जातं. वर्ग गप्प होऊन लिहीत होता. नुसता पेनांचा आवाज.
लालसिंग केव्हाचा दारात उभा होता, कपाळावर हात ठेवून. डोकं दुखत असावं. नंतर म्हणाला, सर, बँकवालं व्याज बी एकदा सांगून द्या ना. म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नक्की.

१५ जानेवारी, गुरुवार.
संक्रांत झाली. हिच्या लक्षात होतं. वाशीमला डोळ्यांचं शिबिर आहे म्हणाली. आता टेस्ट तोंडावर असताना वर्ग वाऱ्यावर सोडून डोळ्यांवर पट्टी बांधून पडणं बरं दिसेल का? टेस्ट झाली की. ही म्हणे, तुमच्या 'की'च्या पुढं काय असते हो गुर्जी? मी मेथी निवडायला घेतली. पानं काड्यांत गेली अन् काड्या भाजीत, असा आरोप. उजेड कमी होता. (दुपारचे बारा.)

३० जानेवारी, शुक्रवार.
बँकेचं व्याज गेल्या दोन्ही तासांना राहिलं, आजही राहिलं. पोरांनीच 'सानुली'चा आग्रह धरला. त्यांचं मन मोडवलं नाही. तसंही मूळ कल्पना स्पष्ट झाली की तपशील आपोआप येतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.
एंडलाइन टेस्ट. सुचिताताईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी खिडकीतून पाहत होतो. एकही पोर अडलं नाही. कोणी पेन चावत बसलं नाही, छताकडे पाहिलं नाही. सगळी भराभर लिहीत होती. साठ? नव्वद तरी कुठे गेले नाहीत. येताना रिसोडला उतरून पांढरा शर्ट शिवायला टाकला. पुढचं वर्षभर शुक्रवारी लागेल. हिला सांगितलं, पुढच्या वर्षीचं पक्कं. ही म्हणे, अन् डोये? म्हटलं, निकाल लागला की.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
सुचिताताईंचा फोन. आधी विचारलं, वर्गात कॉपी झाली का? म्हटलं, कॉपी नाही, पाठांतर. मग त्यांनी एक उत्तर वाचून दाखवलं. प्रश्न: चक्रवाढ व्याज म्हणजे काय? 'व्याज म्हणजे बहाणा. चक्रवाढ व्याज म्हणजे एका बहाण्यावर दुसरा बहाणा. उदा. जीपवाला.' वर्गभर सगळ्यांचं हेच. शुद्धलेखनाची चूक एकाही पेपरात नव्हती का, असं मी विचारलं. त्यांनी पुढचा प्रश्न वाचला. पासबुकात काय असतं? 'सावली.' हेही सगळ्यांचं. तनुजाने तर पुढे 'रूपक' असं लिहून अधोरेखित केलंय.
वर्गाला बावीस टक्के.
माझ्या मते प्रश्नपत्रिकाच सदोष आहे. शब्दाला दोन अर्थ असताना कोणता हवा, ते विचारायला नको? हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, सर, खरंय तुमचं. सर, आम्ही या शुक्रवारपासून स्क्रीन लावतोय. सर, प्लीज वाईट वाटून घेऊ नका.
पहिल्यांदाच सर म्हणाल्या. सलग तीनदा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
मराठी भाषा गौरव दिन. नवा शर्ट घातला. हिने डबा दिला. संस्थेची कार्डं परत करायची राहिली होती, म्हणून गेलो. निव्वळ तेवढ्यासाठी.
आठवीच्या खिडकीतून पाहिलं. फळ्यावर टीव्ही टांगलाय. टायवाला एक तरुण व्याज समजावत होता. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत. पोरं चूप बसून ऐकत होती. माझ्या तासाला इतकी चूप कधी नव्हती. बाकांवर कोणाचा हात नव्हता.
लालसिंगने कार्डं मोजून घेतली. म्हणाला, एक जास्त हाय सर, हे तुमचंच दिसते. कमळवालं. परत खिशात घातलं.
फाटकापाशी तनुजा मागून धावत आली. म्हणाली, सर, तुमी आता येनारच नाई का? मी म्हणालो, अगं डोळ्यांचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी शिकवायला सक्त मनाई केली आहे, शिवाय संस्थेचा फार आग्रह होता पण मीच नको म्हटलं, शिवाय हल्ली जीपही वेळेवर मिळत नाही. ती ऐकून घेत होती. वही हातात होती, पण लिहिलं काहीच नाही. मग म्हणाली, हे त व्याज झालं सर. चक्रवाढ. मुद्दल काय हाय?
कवितेबाहेर मला इतका सरळ प्रश्न कोणी विचारला नव्हता. घंटा झाली. ती गेली.
जीप उशिरा आली. टायर पंक्चर होतं म्हणे. ड्रायव्हरच्या तोंडात पान होतं.
आता ऑपरेशनची तारीख घेऊन टाकावी. शुक्रवारचीच घ्यावी. शुक्रवार मोकळा आहे.
होळी झाली की घेतो.