तू शिवलेले पंख

माय, आज धंतोलीतल्या त्या दवाखान्यावरून गेले आणि तुला सांगायचं राहून गेलेलं आठवलं. गांधीबागेत गाद्यांच्या खोळी शिवणारी तू एकाहत्तरच्या युद्धात विमानांचे पंख शिवायला लागलीस, हे सांगितलं की लोकांना अजूनही थाप वाटते. सोनेगावकडच्या त्या छोट्या कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी दोन माणसांची विमानं बनत. लाकडी सांगाड्यावर सुती कापड ताणायचं, टाके घालायचे, मग वरून कापड ताठ करणारा लेप. त्याचा उग्र वास तुझ्या लुगड्याला येई आणि घरच्या भाकरीलाही. मालकाचा एक हट्ट होता. नवं विमान पहिल्यांदा उडेल तेव्हा पंख शिवणाऱ्यानं मागच्या जागेवर बसायचं.

तुझी पाळी आली त्या सकाळी मी तुझा पदर सोडत नाही. बाबा आधीच गेलेले. तूही गेलीस तर मला कोण, एवढंच माझ्या डोक्यात. "रडून काहून राहिली वं?" तू खेकसतेस. "मीच नाही बसली, तं दुसऱ्याच्या लेकराले कशी बसवू?" आणि काष्टा घट्ट खोचून चढतेससुद्धा. खाली आलीस तेव्हा पहिला प्रश्न हाच, "पाह्यलं काय वं?"

"पाह्यलं ना माय! घारीवानी गेली तू."

त्यानंतर आल्यागेल्या प्रत्येकाला तू आकाशातलं नागपूर ऐकवलंस. इतवारी म्हणे सांडलेल्या लाह्यांसारखी दिसते. दर वेळी त्यात एखादं तळं वाढायचं. मी आपली मान डोलवायचे.

मग दवाखान्यातला तो शेवटचा आठवडा. तू मला जवळ ओढलंस. "एक सांगू? वर मी डोये मिटूनच होती वं. लय भेव वाटे." आपण दोघी हसलो, तुला खोकला येईपर्यंत. मग माझा हात थोपटत म्हणालीस, "जाऊ दे. तुनं तं पाह्यलं ना? बस झालं."

तेव्हा माझी जीभ रेटली नाही. माय, इंजिन सुरू झालं तशी मी भिंतीकडे तोंड करून डोळे गच्च मिटले होते. आवाज थांबेपर्यंत उघडलेच नाहीत. तुझा केवढा अभिमान वाटतो मला, पण तुला उडताना मी पाहिलंच नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. नात विचारते तेव्हा मी अजूनही सगळं रंगवून सांगते. काल तर त्यात आणखी एक तळं घातलं.