वनाभाऊचे कान

३ नोव्हेंबर, जळगाव

काढलं! मला काढलं. 'कळणा'तून — ज्या बँडचं नावसुद्धा मी ठेवलं. योगेंद्र म्हणाला, "रूपा, मनावर घेऊ नको. आता सगळं सिंथेसायझरवर करायचंय. ड्रमचं काम मशीन करेल." कॉलेजपासून तो गातोय, मी बडवतेय. रॉक म्हणजे काय ते या गावाला आम्ही दाखवलं. आणि हे सांगितलं कुठे? चहाच्या टपरीवर. वर म्हणतो, अजून एक कटिंग घे!

रडले नाही. बघून घेईन.

१६ नोव्हेंबर

नवं गाणं आलं. लोकांनी पार सोलून काढलं! पिंपळनेरचा एक जण लिहितो — "हाई गानं शे का पिठनी गिरणी?" चाळीसगावची मुलगी — "माझा बँड मेला आज." कोणीतरी — "ड्रमवाली कोठे गयी भो?"

पुन्हा पुन्हा वाचलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

१७ नोव्हेंबर

खोटं खातं उघडलं. नाव वना, गाव यावल, फोटो केळीच्या घडाचा. हेडफोन लावून गाणं ऐकत बसले — कुठे कुठे चुकलंय ते हुडकायला. मग वनाने लिहिलं: दुसऱ्या कडव्यात मशीन थांबतच नाही, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही, गिटार उगाच लुडबुड करतेय.

खरंच होतं ते. म्हणून जास्त झोंबलं असेल.

२४ नोव्हेंबर

योगेंद्रचा मेसेज — वनाला! "शिव्या बठ्ठाच देतस भाऊ. ऐकं फक्त तुम्ही. आते काय करू, सांगा."

शिव्या सगळ्यांनीच दिल्या, पण ऐकलं म्हणे फक्त वनाने! हसून हसून पोट दुखलं. सांगते ना! लिहिलं — अर्धवट नका करू. गिटारही काढा. मागे एकच खर्जातला सूर धरा, लांबलचक, कापसाच्या जिनिंगच्या मशीनसारखा घूंऽऽ. वर नुसता तुमचा आवाज. अहिराणीत.

लोक खुर्च्या फेकतील. बुड, बेट्या!

८ डिसेंबर

केलं त्याने. अगदी तसंच! पहिल्याच कॉमेंटमध्ये — "झोप लागली." सुरुवात छान आहे.

१४ डिसेंबर

काहीतरी बिघडलंय. तो पिठाच्या गिरणीवाला लिहितो — "ऐकता ऐकता मन्ही माय याद उनी." चाळीसगावची दिवसभर तेच लावून बसलीय म्हणे. आणि आमचे नाना! पोटच्या पोरीचा एकही कार्यक्रम बघायला न आलेले नाना दाढी करताना तेच गुणगुणत होते.

"बंद करा ते!" ओरडलेच मी.

"काय जयं वं पोरी?"

खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मग मीही ऐकलं. भिकार असायला हवं होतं. नाहीये. त्या एका सुरावर त्याचा आवाज एकटा उभा राहतो — अंगावर काटा आला. मेल्याचं नशीबच चांगलं!

२८ डिसेंबर, धुळे

त्यांचा कार्यक्रम. गेलेच. तिथे तरी पडेल म्हणून. ते गाणं सुरू झालं आणि अख्खं मैदान गप्प. माझ्या वेळी लोक उड्या मारायचे, शिट्ट्या मारायचे. असे गप्प कधी बसले नव्हते.

गाणं संपल्यावर योगेंद्र माइकवर म्हणाला, "यावलचे वनाभाऊ आले असतील तर हात वर करा. हे गाणं त्यांचं आहे."

सगळे माना वळवून शोधायला लागले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी मला विचारलं, "कोन शे वं हाऊ वना?"

"माहीत नाही," म्हटलं. दोन्ही हात शालीत घट्ट धरले होते.

१ जानेवारी, जळगाव

वनाने लिहिलं — आता पुढच्या गाण्यात खरे ड्रम हवेत. रूपाला परत बोलवा.

उत्तर लगेच आलं. "भाऊ, तुम्हनं बठ्ठं ऐकसू. हाई नका सांगा. ती वाजाडस भारी. पन तुम्हनासारखं ऐकानं तिले कधीच जमनं नही."