डोहातल्या एकतीस माशांची वाटणी

मी, रंगनाथ देवराम आहेर, वय वर्षे सहासष्ट, मूळ गाव नांदगाव, हल्ली राहणार गंगापूर रोड, नाशिक, अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. संध्या विसपुते यांनी दिला आहे. माझ्या मुलाला ते पटत नाही, पण कायद्याला दाखला पुरतो. गेल्या महिन्यात लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते का रद्द केले, हे पाचव्या कलमात येईल.

१. राहते घर. पत्नी कुसाबाई हयात नाही. घर मुलगा दीपक व मुलगी योगिनी यांना निम्मे निम्मे. गेल्या दिवाळीत दीपक टेप घेऊन आला आणि हॉलमधल्या माशांच्या टाकीमागची भिंत मोजून गेला. तिथे टीव्हीचे कपाट करायचे म्हणाला. मी त्याच खोलीत खुर्चीवर होतो, हे त्याच्या मापात आले नाही. भिंत त्याला मिळेल, पण सहाव्या कलमातले काम पुरे होईपर्यंत टाकी जागची हलवायची नाही.

२. बँकेतली ठेव दोघांना सारखी. तिच्यावरून भांडू नये, तेवढी ती नाही.

३. दुकान. नोकरी सांभाळून १९९२ साली मी शोभेच्या माशांचे दुकान काढले. टाक्या धुणे, पाणी बदलणे, आजारी मासा वेगळा काढणे, हे सगळे योगिनीने कॉलेज संपेपर्यंत केले. पाटी मात्र 'दीपक ॲक्वेरियम' अशी लावली, कारण दीपक मुलगा. ती कधी बोलली नाही. बोलली असती तर मला निदान भांडता आले असते.

गिऱ्हाइकाला मी प्रत्येक माशाचे गाव सांगत असे. निऑन टेट्राचे पूर्वज ॲमेझॉनच्या जंगलातल्या, चहासारख्या काळपट पाण्यातले. फायटर थायलंडच्या भातखाचरांतला. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या ओढ्यांतला. आणि झेब्रा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला, खाचरांतला. एवढे ऐकले की गिऱ्हाईक म्हणे, "आपलाच? मग नको, तो निळा द्या." तो निळाही चेन्नईकडच्या कुणाच्या तरी अंगणातल्या टाकीत जन्मलेला असे. एके दिवशी दीपकने झेब्राच्या टाकीवर 'सिंगापूर' अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी. मी त्याला चारचौघांत झापले, पण चिठ्ठी काढली नाही. दुकान दीपकला. पाटी त्याच्याच नावाची आहे, नवा खर्च नको.

माझी हत्यारांची पेटी व व्हर्निअर योगिनीला. बंद पडलेला पंप या घरात तिलाच दुरुस्त करता येतो.

४. एकतीस मासे. हे दुकानाच्या मालात धरू नयेत. हे घर बांधताना पेठकडचा बुधा पुंजा गावित मजुरीला होता. मी तेव्हा शेजारी भाड्याने राहत होतो. माझी टाकी पाहून तो हसला. "भाऊ, एवढ्यासाठी काच कशाला? याच्यापरीस देखणे मासे आमच्या डोहात हाईत." मी त्याच्याबरोबर गेलो. डोहाच्या वर कडा, खाली कडा, त्यामुळे तिथला मासा तिथेच राहिलेला. अर्ध्या बोटाएवढा, पोटाला तांब्याची झाक, शेपटीजवळ काळा ठिपका. आषाढात नर गालापर्यंत लालभडक होतो. माझ्या कुठल्याही पुस्तकात त्याचे चित्र सापडले नाही. बुधाकडे त्याला नुसते 'बारकी' म्हणतात. मी बारा मासे बरणीतून आणले. हॉलमधले एकतीस त्यांचे वंशज आहेत. बाकी जगात कुठे असतील तर मला माहीत नाही.

५. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

१९९५ साली बुधाच्या पाड्यावर हिवतापाची साथ आली. बुधाची बायको भागीबाई तीन आठवडे उठली नाही. डासांच्या अळ्या खायला विहिरींत, हौदांत गप्पी सोडतात, तसे मी दोन डबे भरून गप्पी घेऊन गेलो. विहिरीत सोडून परत आलो असतो तर आज कुणाचे काही बिघडले नसते. पण बरोबर पेपरवाला होता, आणि विहिरीवर फोटो चांगला येईना. म्हणून डोहावर गेलो. बुधा आडवा आला. म्हणाला, "भाऊ, वाहत्या पान्यात डास कुठं व्हत्यात? आन् आमची बारकी अळ्या खातेच की!" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बुधा, मी पुस्तकं वाचलीत, तू नाहीस." नारळ फुटला, माझ्या खांद्यावर शाल पडली, पेपरात फोटो आला. त्या फोटोची चौकट कुणालाही देत नाही, फोडून टाकावी.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो, महिन्या-महिन्याला देतो आणि दुसऱ्यांची अंडी-पिल्ले खातो. हे मी पुस्तकात वाचलेले होते. चार वर्षांनी बुधा डोहाच्या पाण्याची बरणी घेऊन दारात आला. आत नुसते गप्पी. बरणी त्याने उंबऱ्यावर ठेवली. पाणीही न पिता परत गेला.

गेल्या महिन्याच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की, 'काही कारणास्तव डोहातले मूळ मासे नष्ट झाल्यामुळे' हे एकतीस मासे बुधाला द्यावेत. साक्षीदारही त्यालाच करणार होतो. वकील म्हणाले, ज्याला द्यायचे तो साक्षीदार चालत नाही, दोन्हीपैकी एक ठरवा. बुधाला बोलावून मजकूर वाचून दाखवला.

"काही कारन म्हंजे?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "कायद्याची भाषा असते तशी."

"कारनाला नाव नाय का, भाऊ? तुमी सोडले. तसं लिवा. मला मासे नको, माझ्या घरी पंपाला लाईट नाय. मला साक्षीदार करा."

मला राग आला. हा माणूस माझ्या घराच्या विटा वाहत होता आणि आता माझे मृत्युपत्र दुरुस्त करतो! चार दिवस राग टिकला. तो गेल्यावर जे उरले, ते रागापेक्षा वाईट निघाले.

म्हणून लिहितो. डोहात गप्पी मी सोडले. मला नको म्हणून सांगितले होते, तरी सोडले. माझ्या नावासाठी सोडले. बारकी माझ्यामुळे गेली. मला शरम वाटते, आणि ती वाटायला बारा वर्षे लागली याची जास्त वाटते.

६. एकतीस मासे योगिनीला. तिच्यावर माझा काही हक्क उरलेला नाही, ही फक्त विनंती आहे. वैशाखात डोह दोन खोल्यांएवढा आटतो. तेव्हा तो उपसून, बारीक कापडाने गाळून सगळे गप्पी काढावेत. असे निदान तीन उन्हाळे करावे. एकही गप्पी दिसेनासा झाला की निम्मे मासे डोहात सोडावेत, निम्मे टाकीत ठेवावेत. सगळे एकदम सोडू नयेत, माझ्यासारखी घाई करू नये. ती नांदगावला शाळेत शिकवते. तिला हे विचारले तेव्हा म्हणाली, "बाबा, वैशाखात मला सुट्टीच असते." उपसायला माणसे बुधा देईल. ते तो माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला आहे.

७. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. माझ्याबद्दल कुणी चांगले बोलणार असेल तर त्याला आधी पाचवे कलम वाचायला द्यावे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला, त्यातला एकही शब्द मवाळ केला नाही आणि खाली सही केली.

नाशिक, दि. १८ फेब्रुवारी २००७
(सही) रंगनाथ देवराम आहेर

साक्षीदार
१. डॉ. संध्या विसपुते, गंगापूर रोड. श्री. आहेर यांनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. (सही)
२. बुधा पुंजा गावित, तालुका पेठ. डाव्या हाताचा अंगठा. मजकूर वाचून दाखवला. ते सांगतात तसे लिहून घेतले: "भाऊंनी सही माझ्या समोर केली. गप्पी सोडले तवा बी मी समोरच व्हतो."