मशीन थांबलं की

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरीचं मूळपेशींचं प्रत्यारोपण होऊन आज सात महिने झाले. रक्ताचे आकडे सुधारलेत, डॉक्टर खूश आहेत, आणि मी काल दवाखान्यात सगळ्यांसमोर रडले. व्यायामाच्या बाईंनी तिला जमिनीवरून उठायला सांगितलं. आठ वर्षांची पोर, दोनदा धडपडली आणि खालीच बसली. बाई म्हणाल्या, आता हिंडणं-फिरणं हेच औषध. तीन आठवड्यांनी पुन्हा बघणार. तेव्हाही उठता आलं नाही, तर पुढे फार जड जाईल.

माझी अक्कल बघ. तिचे पायजमे सैल झाले की मी शिवण मारून आत घ्यायचे. चारदा घेतले. कापड ताणलं असेल म्हणायचे. लोकांचे कपडे मशीनवर शिवून पोट भरणारी बाई मी, आणि घरातल्या पोरीचे पाय वाळलेले मला दिसले नाहीत!

तू पाठवलेली घंटी तेवढी कामाची. ती वाजवते, मी धावते. पडली-झडली, रक्त आलं, जंतू लागला, तर? काय करू, सांग.

तुझी माया पाठीशी राहू दे.
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी स्वतःवरच चिडले. ती घंटी पेटीत टाक. डॉक्टर चालव म्हणतात आणि आपण दोघी तिला अंथरुणाला शिवून ठेवतोय.

घाबरू नकोस, असं म्हणणार नाही. तुझं पत्र आलं की मीही ते आधी देवापुढे ठेवते, मग फोडते. पण लहानपणी मी तुझ्या सायकलची सीट सोडली नाही, म्हणून तुला अजून सायकल येत नाही, हे आठव. आणि ती का उठत नाही, हे तिलाच विचार की. आपण जगाला विचारलं, तिला कुणी विचारलं नाही.

उत्तर लगेच धाड, नाहीतर मीच येऊन थडकेन.
तुझी ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

विचारलं. पाय दुखतात, धाप लागते, म्हणाली. मग म्हणाली, "मी उठले की तुझं मशीन थांबतं. तू श्वास रोखून बघतेस. मग मला वाटतं, मी पडणारच."

घंटी पेटीत गेली. काल दुपारी मी सदऱ्याची बाही शिवत होते, आतल्या खोलीत पलंग करकरला. भिंतीला हात घासत येत होती. मग धप्प आवाज झाला. ताई, धावत जावंसं वाटलं, पण मी मशीन चालूच ठेवलं. शपथेवर सांगते, इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नाही.

किती वेळानं कोण जाणे, खांद्यावर हात आला. गुडघा लाल, तोंड घामानं भिजलेलं, पण जमिनीवरून एकटी उठून आली होती. माझ्या हातातली बाही बघून म्हणाली, "आई, यात हात कुठून घालायचा?" दोन्ही तोंडं शिवून टाकली होती मी.

उद्या दवाखाना आहे. लोभ आहेच, तो वाढव. पत्र आवरतं घेते. ती पुन्हा उठलीय, मला मशीन चालू ठेवायचं आहे.

धाकटी