गोठलेल्या वाफ्यात कोणीतरी होते

मी, हेस्टर पेनगेली, दिवंगत लॉरी पेनगेली यांची पत्नी, राहणार ह्युऑन नदीकाठ, टास्मानिया, हे मृत्युपत्र दिवसाउजेडी, माझ्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते या हिवाळ्यात सिद्ध करावे लागले, म्हणून ती हकीकतही इथे नोंदवते. उद्या कोणी कोर्टात माझ्या वेडाची गोष्ट सांगू लागला, तर न्यायाधीशांनी आधी हे वाचावे.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझा पुतण्या लिंडन याने जुलैत टाईप करून आणलेला कागदही त्यातच धरावा. त्यावर माझी सही नाही, आणि दिसलीच तर ती माझी नव्हे. त्या दिवशी पेनसुद्धा तो स्वतःचे घेऊन आला होता. ज्याला माझ्या घरातल्या पेनाचा भरवसा नाही, त्याचा मला का असावा?

कलम २. घर आणि मागची बाग. बाग म्हणजे चार वाफे, एक सफरचंदाचे झाड आणि कोपऱ्यात लॉरीची लाकडी शेड. लॉरी शरद ऋतूत गेला, तेव्हापासून मी तिकडे पाऊल टाकले नव्हते. आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, जुलैतल्या एका सकाळी, नदीवरचे धुके हटल्यावर, खिडकीतून पाहिले तर सगळीकडे दंव गोठून पांढरे झालेले, आणि मधला एकच वाफा तपकिरी. काठी घेऊन गेले. वाफ्यावर ताजा पेंढा पसरलेला होता. तो बाजूला केला तर खाली लसणाचे हिरवे कोंब, दोरी धरून लावावेत तसे सरळ ओळीत. मी लसूण लावला नव्हता. लॉरी तर लावणीच्या आधीच गेला. पलीकडे लॉरीने लावलेल्या केलच्या पालेभाजीची खालची पाने कापलेली. रात्री बागेत शिरणारा पॉसम हा प्राणी पान ओरबाडतो, देठाच्या चिंध्या करतो. हे सुरीचे काम होते.

दुसरी कोणी आनंदली असती. मी घरात येऊन मागच्या दाराला कडी घातली.

पहिला संशय शेजारच्या क्लेम डाउटनवर. त्याला होडी ठेवायला माझा कोपरा कित्येक वर्षे हवा आहे. कुंपणावरून विचारले, तर म्हणाला की लसूण लावायचाच तर स्वतःच्या जागेत नसता का लावला. हे उत्तर फारच तयार वाटले. मी वाटेवर चुलीतली राख पसरली. सकाळी राखेत गमबुटाचा ठसा होता, पण लहान. क्लेमचा पाय त्याच्या होडीएवढा आहे. तेवढ्यापुरता तो सुटला.

मग लिंडनला फोनवर सांगितले. रविवारी तो आला, बरोबर एक गृहस्थ. मित्र आहे म्हणाला. मित्राने मला वार विचारला, पंतप्रधान कोण ते विचारले. वार सांगितला. पंतप्रधानांविषयी माझे मतही सांगितले, ते त्याने लिहून घेतले नाही. लिंडन खिशात हात घालून वाफ्यात उभा राहिला.

"काकू, हिवाळ्यात काही उगवत नसतं. काका गेल्यापासून तुला भास होतायत."

हे तो लसणाच्या कोंबांवर उभा राहून बोलत होता. नंतर त्याने तो कागद काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडकडे नीट पाहिले. काचेवर वाफ धरली होती, आणि ती आतून. मी खोदायचा काटा उचलला आणि दार ढकलले. सफरचंदाच्या खोक्यांवर, घोंगड्या लपेटून, मर्ना बिग्नेल बसली होती. आम्ही दोघी तरुणपणी फळे भरायच्या शेडमध्ये शेजारी उभ्या राहून काम करायचो. पुढे जत्रेत तिच्या बिही या आंबट फळाच्या जॅमला पहिले बक्षीस मिळाले, आणि त्याच आठवड्यात माझे बिहीचे झाड रिकामे झाले होते. तेव्हापासून आमचे बोलणे नव्हते.

तिचे भाड्याचे घर मालकाने पर्यटकांच्या निवासासाठी विकले होते. लॉरीच्या अंत्यविधीला आली आणि नंतर जायला जागाच उरली नाही, असे तिने सांगितले.

"आणि लसूण?" मी विचारले. काटा खाली ठेवला नव्हता.

"तुझा पाला खात होते. फुकट कसा खाऊ?" ती म्हणाली. "पोलिसांना बोलावणार आहेस का?"

"आधी सांग. ती बिही माझी होती ना?"

तिने घोंगडी खांद्यावर ओढून घेतली. "होती. पण साखर माझी होती, हेस्टर."

इतक्या वर्षांचा माझा संशय खरा निघाला. मला रडू आले. ते थंडीमुळे, असे मी तिला सांगितले. तिने मानले नाही. मग तिला म्हटले, "चल आत. बूट बाहेर काढ."

पुढच्या रविवारी मी लिंडनला आणि त्याच्या मित्राला चहाला बोलावले. लिंडन ज्याला भास म्हणाला होता, त्या भासाने दार उघडले आणि साखर किती म्हणून विचारले. मित्र डॉक्टर असल्याचे तेव्हा उघड झाले. डॉक्टरांनी वाफा पाहिला, कोंबाचे टोक चुरगळून वास घेतला आणि लिंडनला गाडीत जाऊन बसायला सांगितले.

सबब, घर व बाग मर्ना बिग्नेल हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहावी, नंतर लिंडनकडे जावी. मर्ना जिन्यावरून पडून गेली असे लिंडनने कळवल्यास ध्यानात घ्यावे, की या घराला जिना नाही.

कलम ३. लॉरीची हत्यारे क्लेमला. छाटणीची कात्री सोडून. ती मर्ना आधीपासूनच वापरते आहे. होडी कुंपणापलीकडेच राहील.

कलम ४. बँकेतली ठेव घराच्या छपरासाठी. मर्नावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे असे कोणी समजू नये. जॅममध्ये आणखी काय घालते ते ती अजून सांगत नाही.

कलम ५. शेडला हिवाळ्यात कुलूप घालू नये. आत कोरडा पेंढा आणि घोंगड्या असाव्यात. कोणाच्या पावलांचे ठसे दिसले, तर आधी किटली ठेवावी. चौकशी नंतर, पण चौकशी करावीच.

वरील मजकूर मी वाचला, मर्नाकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि तिने काही गाळले नाही ना, म्हणून पुन्हा स्वतः वाचला.

सही: हेस्टर पेनगेली

साक्षीदार (दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, मी खात्री केली आहे):
१. डॉ. एमरिस व्होस (वर आलेला लिंडनचा मित्र)
२. आयोना रॅटक्लिफ, पोस्टमास्तर

ठिकाण: ह्युऑन नदीकाठ, टास्मानिया
दिनांक: ३० ऑगस्ट. बाहेर दंव आहे.